बुखारींचं नाव घेता, मग आयेशांचा आक्षेपही सांगा

बाईला अपशकुनी ठरवायला आपल्याकडे फार काही लागत नाही. सून घरात आली आणि वर्षभरात सासरा वारला, की ती ‘पांढऱ्या पायाची’. हा शब्द कुराणातून आलेला नाही, तो इथल्याच मातीतला आहे आणि हिंदू-मुस्लिम दोघांच्याही तोंडी आहे. त्याच्याशी भांडता येतं. पण हल्ली त्याला सहीह बुखारीचा आधार दिला जातो आणि ते नाव ऐकलं की भली माणसं मान खाली घालतात. माझं भांडण या मान खाली घालण्याशी आहे.

मी मुरब्याची. आमच्या नात्यातल्या एका मुलीचा नवरा बोईसरला कारखान्यात काम करताना अपघातात गेला. इद्दतीचे चार महिने दहा दिवस पुरे व्हायच्या आतच सासरी कुजबुज सुरू झाली. मग बयानासाठी आलेल्या एका वक्त्याने सांगून टाकलं, की घोडा, घर आणि बाई या तिन्हींत नहूसत असते, बुखारीत लिहिलंय. तेवढ्यावर दोन लेकरांसह तिची माहेरी रवानगी झाली. नुकसानभरपाईचे कागद मात्र सासरच्या कपाटात राहिले.

बुखारीत अशी रिवायत आहे का? आहे. अब्दुल्लाह इब्न उमर (रजि.) यांच्याकडून आली आहे. लपवण्याचं कारण नाही. पण अपशकुन असं काही नसतं, हेही त्याच संग्रहात आहे. मग दोन्ही एकत्र कशी वाचायची? हाच प्रश्न मध्ययुगातल्या आलिमांना पडला. अशाच प्रश्नांतून ‘शरह’, म्हणजे हदीसवरचं भाष्य, हे एक शास्त्र म्हणून वाढलं.

या रिवायतीवरचा सर्वांत कडक आक्षेप कोणा आधुनिक सुधारकाचा नाही, तो हजरत आयेशा (रजि.) यांचा आहे. अबू हुरैरा (रजि.) असं सांगतात हे कानावर आल्यावर त्या संतापल्या. त्यांचं म्हणणं असं, की इस्लामपूर्व अज्ञानकाळातले लोक असं मानत, एवढंच प्रेषित (स.) सांगत होते, ते त्यांचं स्वतःचं मत नव्हतं. आधारासाठी त्यांनी सूरह अल-हदीदची बाविसावी आयत वाचली. संकट आधीच लिहिलेलं असतं, असं ती सांगते. मग ते सुनेच्या पायाने कसं येईल? इमाम अहमद यांच्या ‘मुसनद’मध्ये ही नोंद आहे. कैरोचे बदरुद्दीन झरकशी (मृत्यू १३९२) यांनी तर आयेशांनी सहाबींच्या ज्या ज्या रिवायती दुरुस्त केल्या, त्यांचा ‘अल-इजाबा’ हा स्वतंत्र ग्रंथच केला.

इब्न हजर अस्कलानी (१३७२–१४४९) यांनी बुखारीवरचं ‘फत्हुल बारी’ हे भाष्य सुमारे पंचवीस वर्षं खपून पुरं केलं. इतर सहाबींकडूनही ही रिवायत आली असल्यामुळे आयेशांचा आक्षेप त्यांना पूर्णपणे पटला नाही. तरी त्यांनी तो गाळला नाही. तो मांडला आणि त्याच्या शेजारी आधीच्या आलिमांनी लावलेले वेगवेगळे अर्थही मांडले. न पटलेलं मतही वाचकापुढे ठेवायचं, ही त्या काळातली इल्मी प्रामाणिकता. आमचा वक्ता मात्र अर्धं वाक्य सांगून पुढच्या गावाला निघून गेला.

कोणी म्हणेल, हे आलिमांचं काम, बायकांनी यात पडू नये. मग इब्न हजर कोणाकडे शिकले ते पाहा. त्यांच्या उस्तादांत दमास्कसच्या आयेशा बिन्त अब्दुल हादी होत्या. बुखारीच्या पाठपरंपरेत त्यांचं स्थान फार मोठं होतं. बाईकडून सनद घ्यायला त्यांना कमीपणा वाटला नाही.

तेही दूरचं वाटत असेल, तर आपल्याच किनाऱ्यावरचं माहीम घ्या. मखदूम अली माहिमी (मृत्यू १४३१) यांनी तिथे कुराणावर अरबी भाष्य लिहिलं आणि एका आयतीचा पुढच्या आयतीशी काय संबंध आहे, हे दाखवण्यावर भर दिला. त्यांच्या उर्साला आपण गाड्या भरून जातो. संदर्भ तोडून वाचू नये, हा त्यांच्या कामातला धडा मात्र घरी आणत नाही.

आणि ज्यांना बुखारीतली एक ओळ पाठ आहे, त्यांना सूरह अन-निसा का आठवत नाही? मुलं असलेल्या विधवेचा नवऱ्याच्या मालमत्तेत आठवा हिस्सा तिथे स्पष्ट सांगितला आहे. मेहर बाकी असेल तर ते कर्ज आहे आणि वाटणीच्या आधी फेडायचं आहे. इथे भाष्याचीही गरज नाही.

म्हणून जमातींच्या जबाबदार मंडळींकडे माझ्या दोन मागण्या आहेत. बयान करणाऱ्याने हदीस सांगितली, तर रावी कोण, संदर्भ काय आणि आक्षेप कोणाचा, हेही सांगावं. सांगता येत नसेल तर मिंबरवर चढू नये. आणि विधवेला घराबाहेर काढणाऱ्यांकडे जमातीने आधी मेहर, हिस्सा आणि भरपाई यांचा हिशेब मागावा. नहूसत कुठे आहे, ते त्या हिशेबातच दिसेल.