वेताळ कपाटात, पोरं बाहेर

काल मित्राकडे मराठी 'वेताळ' बघितला. इंद्रजाल कॉमिक्सचा जुना अंक, प्लास्टिकच्या पिशवीत. "हात लावू नको," म्हणाला! टाइम्स ऑफ इंडियाने १९६४ मध्ये सुरू केलेली ही मालिका १९९० मध्ये बंद पडली. लहानपणी हेच अंक आम्ही पानं सुटेस्तोवर फिरवले.

जमवणाऱ्यांबद्दल तक्रार नाही. त्यांनीच ते रद्दीतून वाचवले. पण पुनर्मुद्रण म्हणजे चाळिशीतल्यांसाठी गुळगुळीत कागदावरची महागडी इंग्रजी आठवण, एवढंच का? साध्या कागदावर, मराठीत, स्वस्तात काढा. गावच्या वाचनालयात ठेवा. आईबापामागं ऊसतोडीला जाणाऱ्या आपल्या बीडच्या पोरांच्या पिशवीतही एखादा अंक जाऊ द्या. फाटला तर फाटू द्या. वाचला गेला, एवढाच त्याचा अर्थ.

तुमच्या माळ्यावर आहेत का असे अंक?