हमीपत्राची हुलकावणी

जुनी मोटार विकणारा व्यापारी ग्राहकाकडून दोनदा पैसे घेतो. एकदा मोटारीचे आणि दुसऱ्यांदा तिच्यावरील विश्वासाचे. या दुसऱ्या व्यवहाराला ‘वाढीव वॉरंटी’ म्हणतात. मध्यमवर्गीय कुटुंबाची पहिली मोटार पुष्कळदा जुनीच असते, आणि गिअरबॉक्सचा खर्च त्याच्या महिन्याच्या जमाखर्चात बसत नाही; म्हणून ते हे पैसे मुकाट्याने भरते. पुढे गिअरबॉक्स खरोखरच बिघडला, की उत्तर येते : दोष खरेदीपूर्वीचाच आहे!

हे उत्तर आम्हांस विलक्षण वाटते. मोटार विकताना याच मंडळींनी शेकडो बाबींच्या तपासणीचा डांगोरा पिटलेला असतो. तपासणी खरी असेल तर दोष तेव्हाच दिसावयास हवा होता. आणि दोष तेव्हाचाच असेल, तर तपासणी कसली झाली? व्यापाऱ्याने दोन्ही विधाने करावीत आणि भुर्दंड मात्र ग्राहकाने सोसावा, हा कोठला न्याय? क्लच प्लेट झिजते, ब्रेकचे लायनर झिजतात. त्यांची भरपाई कोणी शहाणा मागत नाही. तापलेले इंजिन तसेच दामटणाऱ्याचीही वकिली आम्ही करणार नाही. परंतु ‘नैसर्गिक झीज’ या दोन शब्दांत सारे इंजिनच गडप होऊ लागले, तर हमी उरली कशाची? आणि हे शब्द छापलेले असतात ते जवाहिऱ्याच्या भिंगाशिवाय न दिसणाऱ्या अक्षरांत.

अमेरिकेत २०२४ साली ‘कारशील्ड’ या कंपनीस फसव्या जाहिरातींच्या आरोपावरून तेथील फेडरल ट्रेड कमिशनशी १ कोटी डॉलरची तडजोड करावी लागली. आपल्याकडे २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ‘अनुचित करारा’ची व्याख्या केली खरी, पण करारच अनुचित आहे अशी तक्रार जिल्हा आयोगाकडे नव्हे, राज्य आयोगाकडे न्यावी लागते. एका गिअरबॉक्ससाठी एवढी पायपीट कोण करील? हा अधिकार जिल्हा आयोगास मिळालाच पाहिजे. शिवाय तपासणीचा सही केलेला अहवाल ग्राहकाच्या हाती पडावा, आणि दोष जुना असल्याचे सिद्ध करण्याचा भार तपासणी करणाऱ्यावरच असावा, अशी आमची सरकारकडे स्पष्ट मागणी आहे.

तोवर ग्राहकाने तोंडी नकार स्वीकारू नये; तो कारणांसह लेखी मागावा. सेवेतील त्रुटीची तक्रार जिल्हा आयोगाकडे करता येते. मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, आणि मुदत तक्रारीचे कारण घडल्यापासून २ वर्षांची आहे.