कथासार कसे लिहावे?

मुलांनो, मराठी विकिपीडिया हा २००३ साली सुरू झालेला मुक्त ज्ञानकोश होय. त्यात कोणासही लिहिता येते. म्हणूनच लिहिणाराची जबाबदारी मोठी. चित्रपटाचे कथासार लिहिताना काही जण जाहिरातीतील मजकूर जसाच्या तसा उतरून काढतात. हे दोन कारणांनी अनुचित आहे. दुसऱ्याचे शब्द न विचारता घेणे ही चोरीच होय. शिवाय जाहिरात कथा अर्ध्यावर सोडते व स्तुती मात्र भरपूर करते. ज्ञानकोशाने कथा शेवटापर्यंत सांगावी.

आचार्य अत्रे यांचा ‘श्यामची आई’ हा १९५३ सालचा चित्रपट घ्या. ‘आई फार थोर होती’ हा झाला आपला अभिप्राय. पोहण्यास भिणाऱ्या श्यामला ती कठोर होऊन पाण्यात धाडते, दारिद्र्यातही स्वाभिमान सोडत नाही आणि अखेरीस तिचा मृत्यू होतो, एवढे नीट सांगितले म्हणजे तिचे थोरपण वाचकास आपोआप उमगते.

तेव्हा चित्रपट लक्षपूर्वक पाहावा आणि स्वतःच्या शब्दांत लिहावे. मुरुडसारख्या गावी बसून लिहिलेले कथासार दूरदेशीचा वाचक खरे मानून वाचतो. त्याच्या विश्वासास तडा जाऊ देऊ नये.