देवाशी मोघम बोलणं

1896 च्या एप्रिलमध्ये लोणावळ्यात ख्रिस्ती मंडळींचा मेळावा भरला होता. पंडिता रमाबाई तिथे ख्रिस्तावर श्रद्धा ठेवणाऱ्या आपल्या 15 मुलींना घेऊन गेल्या होत्या. एके दिवशी भल्या सकाळी त्या झाडीत एकांतात जाऊन बसल्या आणि देवाकडे एक अजब मागणं घातलं: पुढच्या मेळाव्यापर्यंत या संख्येचा वर्ग होऊ दे. 15 गुणिले 15, म्हणजे 225. रमाबाईंच्या पुण्यातल्या शारदा सदन या आश्रमात तेव्हा सगळ्या मिळूनसुद्धा इतक्या मुली नव्हत्या. हा हिशेब त्यांनी पुढे आपल्या इंग्रजी साक्षीत स्वतःच लिहून ठेवला आहे.

काही महिन्यांतच मध्य प्रांतात दुष्काळ पडला. आकडा मागून बसलेल्या बाईंना घरी बसवेना. त्या तिकडे गेल्या, उपासमारीने खंगलेल्या सुमारे 300 मुली आणि बायका घेऊन आल्या. पुण्यात प्लेगमुळे इतक्या जणींना ठेवायची सोय नव्हती, म्हणून केडगावच्या शेतावर झोपड्या उभ्या राहिल्या आणि त्यातूनच मुक्ती मिशन वाढलं. दुसऱ्या वर्षी लोणावळ्यात आकडा भरला, असं रमाबाई सांगतात. आत्म्यांची अशी मोजदाद आजच्या वाचकाला खटकेल, आणि ते खटकणं नवं नाही. शारदा सदनातल्या धर्मप्रभावावरून 1893 मध्येच सुधारक रानडे आणि भांडारकर सदनाच्या सल्लागार मंडळातून बाहेर पडले होते. तो वाद आपल्या जागी राहू द्या. इथे लक्ष द्यायचं ते मागण्याच्या नेमकेपणाकडे. आकडा आणि मुदत दोन्ही सांगितल्यामुळे मागणारीला अंग चोरायला जागाच उरली नाही.

त्याच लोणावळ्याहून पुण्याकडे येणाऱ्या लोकलच्या मार्गावर पिंपरी, चिंचवड, आकुर्डी ही स्टेशनं लागतात. 1954 साली पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स सुरू झाली, मागोमाग टेल्को आणि बजाज आले, पुढे चाकणला गाड्यांचे कारखाने उभे राहिले. या रोजगाराच्या ओढीने नगर जिल्ह्यातली मराठी ख्रिस्ती कुटुंबं इथे आली, तशीच केरळ-तामिळनाडूतलीही. चर्चमधल्या उपासनेइतकीच इथे घरगुती प्रार्थनासभा चालते. दहा बाय बाराची खोली, दाराबाहेर चपलांचा ढीग, आत चटईवर दाटीवाटीने बसलेली माणसं, आणि सेकंड शिफ्टला गेलेल्याची रिकामी जागा.

पण प्रार्थना ऐकली तर ती बहुतेकदा मोघम. सर्व आजाऱ्यांना बरं कर, सर्व गरजवंतांची गरज भागव, सर्व अधिकाऱ्यांना सुबुद्धी दे. चटईवरच्या हेल्परचा ठेका महिनाअखेरीला संपतोय, मग कामात सक्तीचा ‘ब्रेक’, मग ठेकेदाराच्या दारात पुन्हा रांग. शिवाय डोक्यावर गाडीचा हप्ता. ‘सर्व गरजवंत’ या दोन शब्दांत तो कुठेतरी बसतो खरा, पण त्याला स्वतःलाही तो तिथे सापडत नाही. या मोघमपणाला नम्रता म्हणण्याची पद्धत आहे. खरं पाहता त्यात थोडा कावा असतो: नेमकं काही मागितलंच नाही, तर देव नाही म्हणू शकत नाही आणि आपणही तोंडघशी पडत नाही.

शुभवर्तमानातला येशू असं मोघम चालवून घेत नाही. बार्तीमाय आंधळा आहे हे सगळ्या यरीहोला दिसत होतं, तरी येशूने त्यालाच विचारलं, मी तुझ्यासाठी काय करू? त्याने दृष्टी मागितली. मध्यरात्री शेजाऱ्याचं दार ठोठावणाऱ्या माणसाच्या दाखल्यातही भाकरी मोजून तीन आहेत. आणि प्रेषितांची कृत्ये वाचताना तर नवल वाटतं. अधिकाऱ्यांनी दम भरल्यावर शिष्यांनी संकट टळावं असं मागितलंच नाही. न घाबरता बोलण्याचं बळ मागितलं.

धीटपणाचा अर्थ काही ठिकाणी आवाज असा घेतला जातो. छोट्या खोलीत माइक, दोन स्पीकर, आणि देवाला हुकूम सोडल्यासारखी भाषा. अमुक देणगी द्या, परमनंट व्हाल, असं सांगणारेही भेटतात. त्याला धीटपणा कसा म्हणायचा? तो धंदा झाला. या पट्ट्यात देवाशी मोकळं बोलायला कुणी बाहेरून शिकवायची गरज नसावी. एका बाजूला देहू, दुसऱ्या बाजूला आळंदी. विठ्ठलाशी भांडणारे तुकोबा इथलेच. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं रेव्हरंड ना. वा. टिळक म्हणत.

नेमक्या मागण्याचा आणखी एक फायदा अगदी व्यवहारातला आहे. प्रार्थना देवाला उद्देशून असली, तरी खोलीतले सगळे ती ऐकत असतात. ठेकेदाराने पीएफ कापला पण भरला नाही, असं कुणी उघड मांडलं, तर ‘आमेन’ म्हणणाऱ्यांत युनियनमध्ये काम केलेला कुणी निघू शकतो, पीएफ ऑफिसचा अर्ज भरता येणारी एखादी मुलगी निघू शकते. अर्थात घरातली मारहाण, व्यसन, कर्ज या गोष्टी चारचौघांत बोलायची सक्ती कुणावर होऊ नये. त्या पाळकसाहेबांशी किंवा एखाद्या विश्वासू बाईशी एकांतात बोलाव्यात, पण तिथेही नेमक्याच. बाकीच्या मागण्यांसाठी सभा चालवणाऱ्याने डोळे मिटण्याआधी प्रत्येकाला काय हवंय ते विचारावं. कुणी नुसतं ‘नोकरी’ म्हणालं, तर कोणतं काम, कोणता कारखाना, ठेका कधी संपतो, हेही विचारून घ्यावं. सभा दहा मिनिटं लांबेल, लांबू द्यावी.