चित्राखालची ओळ आता आपण लिहूया

‘चित्र पाहून कथा किंवा कविता लिहा’ असा स्वाध्याय लेखन-कार्यशाळांमध्ये नेहमी दिला जातो. दाखवली जाणारी चित्रे बहुधा युरोपातली असतात. घरातून पहिल्यांदाच विद्यापीठात पोहोचलेल्या आपल्यासारख्यांना मग वाटते, हा फुरसत असलेल्यांचा खेळ. आपण आपले अनुभव लिहावेत. माझे म्हणणे उलटे आहे. चित्रावरून लिहिण्याची गरज सर्वांत जास्त आपल्यालाच आहे.

आपल्या पूर्वजांनी स्वतः लिहिलेले दस्तऐवज फार थोडे आहेत. त्यांची चित्रे आहेत, पण ती बहुतेक इतरांनी काढलेली. ब्रिटिश राजवटीत १८६८ ते १८७५ या काळात ‘द पीपल ऑफ इंडिया’ हा आठ खंडांचा छायाचित्रसंग्रह निघाला. त्यातल्या कित्येक छायाचित्रांखाली माणसाचे नाव नाही, जातीचे किंवा जमातीचे नाव आहे. सोबतच्या मजकुरात अख्ख्या समूहाचा स्वभाव ठरवून टाकलेला. कॅमेऱ्यापुढे उभा केलेला माणूस त्या दिवशी कोणते काम टाकून आला होता? घरी जाऊन त्याने काय सांगितले? इथे पुरावा संपतो आणि समाजशास्त्राला थांबावे लागते. कथेला मात्र इथूनच सुरुवात करता येते. फक्त ती इतिहास म्हणून खपवायची नाही.

नागपूरचे चित्रकार सवी सावरकर यांची चित्रे पाहा. गळ्यात मडके, कमरेला झाडू ही पेशवाईतल्या अस्पृश्यतेची खूण आपण भाषणांत इतक्यांदा ऐकली आहे की आता ती नुसते वाक्य झाली आहे. सावरकरांच्या चित्रांत त्या मडक्याला वजन येते आणि ते वागवणारे शरीर दिसते. मग प्रश्न सुचतात. हा माणूस दोन घास कुठे बसून खात असेल? लेकराला उचलून घेताना मडके मध्ये येत असेल का? घोषणेला हे प्रश्न पडत नाहीत. लेखकाला पडले पाहिजेत.

चित्रे विषयच देतात असे नाही, लिहिण्याची रीतही देतात. परधान गोंड कलावंत दुर्गाबाई आणि सुभाष व्याम यांनी बाबासाहेबांच्या जीवनावरचे ‘भीमायन’ (२०११) चितारताना चित्रकथेच्या ठरावीक चौकटी नाकारल्या आणि आपल्या भिंतीवरच्या दिग्ना नक्षीने पाने विभागली. मायेने बोलणाऱ्यांचे शब्द पक्ष्याच्या आकारात, तर जातीचे विष ओकणाऱ्यांचे शब्द विंचवाच्या नांगीसह येतात. आपल्या घरातली ओवी, पाळणा, भांडण, जलसा यांतूनही कथेचा घाट असाच घडवता येईल.

‘पण अनुभवाचे काय?’ असे कोणी विचारेल. दलित आत्मकथनांनी मराठी साहित्य बदलले, ते ऋण आहेच. मात्र आपल्याकडून कायम जखमेचीच साक्ष मागितली जाते, तेव्हा सावध व्हायला हवे. अनुभव तुम्ही द्या, कल्पना आम्ही करतो, ही साहित्यातली वाटणी ओळखीची वाटते ना? कामे जन्मावरून वाटून देण्याची सवय तिथेही पोहोचली आहे.

सुरुवातीला कलादालनाची पायरी चढायलाच हवी असे नाही. राजगृहातले १९३४ चे छायाचित्र आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिले आहे: यशवंतराव, बाबासाहेब, रमाई, लक्ष्मीबाई, मुकुंदराव आणि टॉबी कुत्रा. नजर बाबासाहेबांवर जाते. एकदा ती लक्ष्मीबाईंवर ठेवा. बाबासाहेबांच्या दिवंगत भावाची ही पत्नी त्या घरात काय पाहत, काय ऐकत असेल? त्यांच्या बाजूने एक पान लिहा. मग घरच्या पेटीतला जुना फोटो काढा, आजीला विचारा, आणि त्यातल्या प्रत्येकाचे नाव आधी खाली लिहून ठेवा.