घंटा वाजल्यानंतर

वक्तृत्व, निबंध आणि विज्ञान प्रदर्शन या आपल्या ओळखीच्या स्पर्धांच्या जोडीला अलीकडे एक नवी स्पर्धा आली आहे. विद्यार्थ्याने उद्योगाची एक कल्पना घेऊन मंचावर उभे राहावे, तीन किंवा पाच मिनिटांत ती परीक्षकांना पटवून द्यावी आणि उत्तम ठरणाऱ्यास बक्षीस मिळावे, असे तिचे स्वरूप. ‘पिच’ हा इंग्रजी शब्दच तिच्यासाठी रूढ होत चालला आहे. 2022 साली महाराष्ट्र राज्य नाविन्यता सोसायटीने स्टार्टअप यात्रा काढली, तेव्हा जिल्ह्याजिल्ह्यांत अशी सादरीकरणे झाली. डहाणू-तलासरीच्या मुलामुलींनी अशा स्पर्धांत अवश्य उतरावे, असे आमचे मत आहे. मात्र त्या आज ज्या रीतीने भरतात, त्या रीतीला आमची हरकत आहे.

अशाच एका स्पर्धेला आम्ही वसतिगृहातील नववीच्या एका मुलीला घेऊन गेलो होतो. बागेत गळालेले, दबलेले, व्यापारी बाजूला काढतो ते चिकू सुकवून त्यांच्या फोडी विकाव्यात, ही तिची कल्पना. किती ताज्या फळांतून किती सुक्या फोडी हाती येतात, हे तिने स्वतः तोलून पाहिले होते. सुट्टीत ती मावशीबरोबर चारोटी नाक्यावर फळे विकायला बसते. कोणती गाडी थांबते, कोणती नुसतीच वेग कमी करते, हे तिला ठाऊक. परीक्षकांनी विचारले, “तुझे टार्गेट मार्केट कोणते आणि हे स्केल कसे होणार?” तिला प्रश्नच कळला नाही. ती गप्प उभी राहिली आणि घंटा वाजली. परतीच्या एसटीत आम्ही तोच प्रश्न साध्या शब्दांत विचारला, तेव्हा तलासरी येईपर्यंत ती बोलत होती. गिऱ्हाईक कोण, सुट्या पैशांची अडचण कशी येते, महालक्ष्मीच्या यात्रेत किती पुड्या खपतील, सारे तिने मांडले.

त्या दिवशी तपासली गेली ती भाषा. धंद्याची जाण कोणी तपासलीच नाही. अर्थात बाजार हा केवळ गुणवत्तेला कौल देतो, अशी आमची कधीच समजूत नव्हती. परदेशात अर्थशास्त्र शिकून आलेल्या बाबासाहेबांनी मुंबईत शेअर्सच्या व्यवहारांविषयी सल्ला देणारी पेढी काढली होती. सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळल्यावर गिऱ्हाइके येईनाशी झाली आणि पेढी बंद करावी लागली. रुपयाच्या प्रश्नावर पुढे ग्रंथ लिहिणाऱ्या विद्वानाची ही गत झाली! तेव्हा मंचावर अडखळलेल्या आपल्या मुलीला “आत्मविश्वास वाढव” एवढाच उपदेश करून मोकळे होणे आम्हाला पटत नाही.

आफ्रिका खंडात या स्पर्धांना निराळे वळण लागलेले दिसते, आणि ते आपण समजून घेण्यासारखे आहे. नायजेरियातील टोनी एलुमेलू प्रतिष्ठानाने 2015 पासून तरुण उद्योजकांसाठी जो कार्यक्रम चालवला आहे, त्यात निवड झालेल्यास 5,000 डॉलरचे बीजभांडवल मिळते. त्याबरोबर प्रशिक्षण आणि एक अनुभवी मार्गदर्शकही मिळतो. अंझिशा पुरस्काराची कल्पना आम्हाला त्याहून अधिक भावली. 15 ते 22 वर्षे वयाच्या मुलामुलींसाठी तो सुरू झाला आणि त्यात नुसती कल्पना चालत नसे. काम आधीच सुरू असावे लागे. तिथे चारोटी नाक्यावरची मुलगी काहीतरी दाखवू शकली असती.

आपल्याकडे योजना नाहीत असे नाही. 2016 साली आलेल्या स्टँड-अप इंडिया योजनेत अनुसूचित जाती-जमातींच्या आणि महिला उद्योजकांना कर्ज मिळत असे, पण ते 10 लाखांपासून पुढे, 1 कोटीपर्यंत. मुद्रा योजनेचे शिशु कर्ज 50,000 रुपयांपर्यंत आहे. मात्र शाळकरी मुलीला बँक ते देणार नाही. आदिवासी जमिनीच्या हस्तांतरणावर कायद्याचे बंधन आहे. ते असलेच पाहिजे. या भागात जमिनी कशा गेल्या हे 1945 च्या वारली उठावाच्या भूमीत कोणाला सांगायला नको. पण त्यामुळे तारण काय ठेवायचे हा प्रश्न उरतोच. आमच्या मुलीला हवे होते जेमतेम पंधरा हजार रुपये. शिडी आहे, तिची पहिली पायरी नाही.

चुल्लसेट्ठी जातकातील तरुणाजवळ तर तेवढेही नव्हते. वाटेवर पडलेला मेलेला उंदीर त्याने उचलला, मांजरासाठी कोणा दुकानदाराला विकला, आलेल्या नाण्याचा गूळ घेतला आणि रानातून दमून येणाऱ्या माळ्यांना गूळपाणी दिले. त्यांनी त्याला फुले दिली आणि तिथून त्याचा व्यापार वाढत गेला. अखेर दोन लाख मिळाले, तेव्हा त्यातील एक लाख घेऊन तो त्या श्रेष्ठीकडे गेला, ज्याचे वाटेतले एक वाक्य ऐकून त्याने तो उंदीर उचलला होता. तो तरुण किती छान बोलत असे, हे जातक सांगत नाही. त्याने कोणाला पाणी दिले, ते सांगते. भगवंतांनी दीघजाणूला जी चार अंगे सांगितली, त्यांत उद्योगीपणा आहे, मिळवलेल्याचे रक्षण आहे, बेताचे राहणे आहे आणि कल्याणमित्राची संगतही आहे. आपल्या स्पर्धा पहिल्या अंगापाशीच थांबतात.

पालकांची भीती आम्ही जाणून आहोत. नोकरीने आपल्या दोन पिढ्यांना उभे केले. धंद्यात बुडाले तर सावरायला मागे कोण आहे? ही भीती खोटी नाही. म्हणूनच शाळेच्या अंगणात भरणाऱ्या आपल्या स्पर्धेत रक्कम लहान असावी, ती तीन हप्त्यांत द्यावी, बुडाल्यास परत मागू नये आणि दहावीच्या वर्षाला हात लागू देऊ नये. परीक्षकांत एखादा फळांचा व्यापारी आणि बचत गटातील एखादी आई असावी. त्यांनी मुलाच्या घरी जाऊन काम पाहावे, त्याच्या बोलीत विचारावे. घंटा नको. आणि प्रत्येक मुलामागे एका माजी विद्यार्थ्याने वर्षभर उभे राहावे; आमचे खरे मागणे हेच आहे. वर्गणी त्या मानाने सोपी.

बक्षिसापेक्षा खरेदी बरी, असेही आम्हाला वाटते. राज्याच्या स्टार्टअप सप्ताहात विजेत्यांना ढाल न देता शासकीय विभागांकडून 15 लाखांपर्यंतचे कार्यादेश दिले गेले आहेत. आपल्या वसतिगृहाची खानावळ हेही एक गिऱ्हाईकच आहे! डहाणू-घोलवडच्या चिकूला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्या नावाचा चिकू आपल्याच मुलांच्या ताटात सहसा नसतो.

ती मुलगी आता अकरावीत आहे. स्वयंपाकघराच्या मागे बांबूच्या चौकटीला जुनी मच्छरदाणी ताणून तिने चार वाळवण्या केल्या आहेत आणि पहिला माल खानावळीने रोख घेतला. अडचण पावसाळ्याची आहे. जूननंतर ऊन नाही, आणि चुलीच्या धगीवर सुकवले तर फोडींना धुराचा वास लागतो. तिला अद्याप उपाय सापडलेला नाही, आम्हालाही नाही. फळे किंवा मासळी सुकवण्याचा अनुभव असलेले कोणी माजी विद्यार्थी हे वाचत असतील, तर त्यांनी मृगापूर्वी एकदा शाळेत येऊन जावे.