सगळ्या मशीनची एकच तारीख

मंगफ, फहाहील, अबू हलिफा या कुवेतच्या किनारपट्टीतल्या अनेक मराठी घरांना तीन-तीन संगणक सांभाळावे लागतात. एक कामाचा लॅपटॉप, एक मुलांच्या अभ्यासाचा जुना डेस्कटॉप आणि तिसरा गावी आई-वडिलांकडे. लिनक्सची आवड असलेल्या कुणी या तिन्हींवर आर्च किंवा ओपनसुसे टंबलवीड हे रोलिंग प्रकार टाकले, की मित्रमंडळी लगेच सांगतात, ‘घरच्या माणसांसाठी रोलिंग नको रे बाबा!’

हा सल्ला अर्धवट आहे. डेबियनची स्थिर आवृत्ती साधारण दोन वर्षांनी येते, तर रोलिंग प्रकारात नवी पॅकेजं रोजच्या रोज येत राहतात, हे खरं. पण मशीन बिघडतात त्या मुख्यतः प्रत्येक मशीन आपापल्या सवडीने वेगवेगळ्या दिवशी अपडेट केल्यामुळे. कामाचा लॅपटॉप कालचा, मुलांचा तीन महिन्यांपूर्वीचा, गावचा गेल्या दिवाळीचा. मग बिघाड झाला तर कशाशी ताडून बघायचं?

ऑगस्ट २०२२ मध्ये आर्चवर ‘ग्रब’ या बूटलोडरचं अपडेट आलं. डिस्कवर बसलेला ग्रब जुनाच ठेवून ज्यांनी फक्त त्याची कॉन्फिगरेशन फाइल नव्याने तयार केली, त्यांच्यापैकी अनेकांच्या मशीन सुरूच होईनात. नव्या फाइलमधली आज्ञा जुन्या ग्रबला कळत नव्हती. ज्यांनी दोन्ही गोष्टी केल्या त्यांचं सुरळीत चाललं. पॅकेज तेच, पण एक मशीन चालू आणि दुसरी बंद! आर्चला शेवटी महिनाअखेरीस जाहीर सूचना द्यावी लागली. पॅकेजांची यादी ताजी करून त्यातलं एकच उचलणं, म्हणजे अर्धवट अपडेट, आर्चला मान्य नाही, तेही याच जातीच्या कारणामुळे: नवा प्रोग्राम आणि जुनी लायब्ररी यांचं जमत नाही.

यावर उपाय आहे आणि तो फुकट आहे. आर्च आपल्या पॅकेजांच्या भांडाराची रोजची प्रत तारखेनुसार जपून ठेवतं. मिररच्या, म्हणजे पॅकेजं उतरवायच्या सर्व्हरच्या, यादीत एका ठरावीक दिवसाचा पत्ता घातला, की तिन्ही मशीनना नेमकी त्याच दिवसाची पॅकेजं मिळतात. आधी एका मशीनवर अपडेट करावं, ती आठवडाभर वापरावी, प्रिंटर, वायफाय, मराठी टायपिंग तपासावं आणि मगच बाकीच्या दोन त्याच तारखेवर आणाव्यात. टंबलवीडचे संचही तारखेच्याच नावाने निघतात आणि त्याआधी ‘ओपनक्यूए’ ही स्वयंचलित यंत्रणा ते बसवून, सुरू करून तपासते.

व्हॉल्व्ह कंपनीने हेच मोठ्या प्रमाणावर करून दाखवलं. २०२२ मध्ये आलेल्या स्टीम डेक या हातात धरायच्या गेमिंग यंत्रातली स्टीमओएस ही प्रणाली आर्चवरच उभी आहे. पण आर्चचं रोजचं अपडेट थेट खेळाडूच्या हातात जात नाही. कंपनी एका टप्प्यावरची पॅकेजं गोठवते, तपासते आणि अख्खी प्रणाली एकदम पाठवते. डेकमध्ये प्रणालीच्या दोन प्रती असतात, म्हणून नवी बिघडली तर जुनीवर परतता येतं.

मात्र तारीख गोठवून महिनोन्‌महिने झोपून जाणं घातक. मार्च २०२४ मध्ये ‘एक्सझेड’ या साध्या कॉम्प्रेशनच्या पॅकेजात चोरदरवाजा सापडला. दूरस्थ लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त का लागतो, याचा सॉफ्टवेअर अभियंता अँड्रेस फ्रॉइंड यांनी पिच्छा पुरवला म्हणून तो उघडकीला आला. दूषित आवृत्ती टंबलवीडमध्ये पोचली होती, डेबियनच्या स्थिर आवृत्तीत नव्हती. हा गुण उशिराने येणाऱ्यांचा, हे मान्य करायलाच हवं. पण अशा वेळी दुरुस्ती त्याच दिवशी सगळ्या मशीनवर गेली पाहिजे, आणि कुठल्या मशीनवर काय आहे हे ठाऊक असलेल्यालाच ते जमतं.

कुवेतमध्ये आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. जून २०२४ मध्ये उन्हाच्या कडाक्यात विजेची मागणी इतकी चढली, की काही भागांत दोन-दोन तासांपर्यंत वीज बंद ठेवावी लागली. कर्नल बदलत असताना डेस्कटॉपची वीज गेली तर मशीन अर्ध्यावर लटकते. म्हणून बीटीआरएफएस फाइलप्रणाली आणि स्नॅपर हवेतच. अपडेटच्या आधीची स्थिती स्नॅपर नोंदवून ठेवतं आणि टंबलवीडवर ती बूट मेनूतच निवडता येते.

गावच्या लॅपटॉपचा नंबर शेवटी लावावा, आणि तोही शुक्रवारी. त्या दिवशी कुवेतला सुट्टी असते, आणि दुपारी तिकडे स्क्रीन काळी पडलीच तर बूट मेनूतली कुठली ओळ निवडायची, हे वडिलांना फोनवर निवांत सांगता येतं.